कणगीतली मूठ

मी मनोऱ्यावर ऑपरेटर आहे. रोज संध्याकाळी पाच वाजता मला वाटप केंद्राला एकच आकडा सांगायचा असतो: आज रात्री आमचा मनोरा किती तास वीज देईल. सोळा नोव्हेंबरला मी 'पाच' असं सांगितलं. कणगीत सहा तासांची उष्णता होती.

तुम्ही म्हणाल, एका तासानं काय आभाळ कोसळतं? मीही अकरा वर्षं असंच म्हणत आलो होतो.

आधी कणगी म्हणजे काय ते सांगतो, नाहीतर पुढचं कळायचं नाही. आमच्या टेंभूरमाळावर साडेनऊ हजार आरसे आहेत. सूर्य सरकेल तसा प्रत्येक आरसा हळूहळू मान वळवतो आणि आपल्या वाट्याचं ऊन मधल्या मनोऱ्याच्या एकाच खिडकीवर फेकतो. त्या खिडकीमागे वरून काळे, रव्याएवढे बारीक कण सतत पडत असतात, उफणणीला सुपातून धान्य पडतं तसे. खिडकीसमोरून जायला त्यांना दोनेक सेकंद लागतात. तेवढ्यात ते सहाशे अंशांवरून आठशे अंशांवर पोचतात. हे तापलेले कण खाली जाड भिंतींच्या एका उंच कोठारात साठतात. कागदोपत्री त्या कोठाराचं नाव 'उच्चताप संचयिका' असं आहे. ज्यानं हे नाव ठेवलं त्याला रोज वायरलेसवर बोलावं लागत नसणार. आम्ही कणगी म्हणतो.

अंधार पडला की कणगीचं तोंड उघडायचं. कण खाली घसरतात, आपली उष्णता दाबाखालच्या कार्बन डायऑक्साइडला देतात, तो वायू टर्बाइन फिरवतो आणि निवलेले कण लिफ्टनं पुन्हा वर जातात. ना कोळसा, ना धूर, ना राख. आणि कणगीला इतकं जाड अस्तर आहे की आत भरलेलं ऊन आठवडाभर शिळं होत नाही.

या शिळ्या उन्हालाच किंमत आहे. दुपारी छपराछपरावरच्या पॅनेलांची वीज इतकी असते की घ्या हो घ्या म्हणून विनवावं लागतं. बॅटऱ्या संध्याकाळ रेटून नेतात. पण कोळशाची केंद्रं बंद झाल्यापासून सलग तीन-चार दिवस ढग राहिले आणि वाराही पडला, की सगळं राज्य अकरा मनोऱ्यांच्या तोंडाकडे बघतं. आमच्याकडे भरलेली कणगी तीस तास पुरते. ती पुरवून पुरवून वापरायची.

आता गंमत अशी, की कणगीत नेमकं किती आहे हे कुणालाच छातीठोक सांगता येत नाही. आठशे अंशांत मोजमापाची उपकरणं वर्षभरात जळून जातात. कण मधून भराभर घसरतात आणि कडेचे भिंतीला धरून बसतात. यंत्र एक आकडा दाखवतं. ऑपरेटर भिंतीचा ताप बघून, घसरत्या कणांचा आवाज ऐकून दुसरा ठरवतो. वाटप केंद्र ऑपरेटरचा आकडा धरतं, कारण यंत्रापेक्षा तो खरा निघतो.

हा आवाज ऐकायला मला दस्तगीर चाचांनी शिकवलं. दस्तगीर मुलाणी आमचे पहिले मुख्य ऑपरेटर. त्याआधी त्यांनी वीस वर्षं कोळशाच्या केंद्रात काढली होती. बायको जैबूनला घेऊन ते तिथल्या राखेच्या ढिगाशेजारच्या वसाहतीत राहिले, आणि त्या राखेनं चाचींची फुप्फुसं धरली. चाचा मात्र ठणठणीत. "बॉयलरपाशी मी हुतो आन खोकला हिला," असं ते म्हणायचे, आणि चाची हसायच्या.

मी नवा होतो तेव्हा सहा महिने चाचींच्या हातचं जेवलो. कणगीचा कान मला चाचांनी दिला, अंगावरचं मांस चाचींनी.

मूठही चाचांचीच. माझ्या पहिल्याच महिन्यात मी पाचच्या ठोक्याला अगदी बरोबर आकडा सांगायला निघालो, तर त्यांनी माझ्या मनगटावर हात ठेवला.

"किती हायत?"

"आठ तास, चाचा."

"सात सांग."

"पण आठ आहेत."

"लेका, तुझी आय दळण काढताना मूठभर जोंधळा माघारी कणगीत टाकती का न्हाय? त्या मुठीचं कुणी नाव काढत न्हाय. घरधन्यालाबी ठावं नसतंय. नड आली की तीच मूठ उपेगाला येती."

मला पटलं. न पटायला काय झालं? अंदाज चुकतो, कणगी रिकामी पडली की गार कण लिफ्टमध्ये अडकून बसतात, मनोरा पुन्हा सुरू व्हायला दोन दिवस जातात. आणि तिसऱ्या वर्षी तर प्रत्यक्षच बघितलं. मे महिन्यात भर दुपारी धुळीचं वादळ आलं, आरसे झाकले, सगळे अंदाज धुळीला मिळाले. त्या रात्री आम्ही मूठ सोडली. तालुक्याच्या दवाखान्यात तेव्हा एका बाईचं पोट उघडलेलं होतं. दुसऱ्या दिवशी दवाखान्यातून पेढे आले.

चाचांनी अकराही मनोऱ्यांवरची माणसं तयार केली. सगळ्यांना आवाज शिकवला, सगळ्यांना मूठ शिकवली. पाळी बदलताना वहीत सांगितलेला आकडा लिहायचा आणि येणाऱ्यासमोर काही न बोलता हाताची मूठ वळून दाखवायची. त्यानं मान हलवायची. वहीत कधी एक अक्षर लिहिलं नाही.

चाचा निवृत्त होऊन टेंभूरमाळ गावातच राहिले. चाचींना आता चोवीस तास ऑक्सिजनचं मशीन लागायचं. मशीनला बॅटरी होती, पण ती जुनी झाली होती. बदलायची कुणाला आठवण होणार? सात वर्षांत गावातली वीज एकदाही गेली नव्हती. गावातल्या पोरांना मेणबत्ती फक्त केकवर माहीत.

तेरा नोव्हेंबरला आभाळ भरलं. पाऊसही नाही आणि ऊनही नाही, नुसतं राखाडी झाकण. नागपूरपासून कोल्हापूरपर्यंत तीच कथा. वारा ठार पडला. दुसऱ्या दिवशी बॅटऱ्या बसल्या. तिसऱ्या दिवसापासून मनोऱ्यांवर भार आला. चौथ्या दिवशी दुपारी दोनला मी पाळीवर आलो तेव्हा आमची कणगी तळाला लागत आली होती. मी भिंतीला कान लावला, कण सोडून बघितले, हिशेब केला. सहा तास.

पाच वाजता वाटप केंद्रातल्या बाईंचा आवाज आला. बिचारी चार दिवस झोपली नसावी.

"टेंभूरमाळ, किती?"

"पाच."

"नक्की पाचच ना? आज फार ओढाताण आहे."

मला त्या क्षणी सांगता आलं असतं. माझी जीभ अडखळलीसुद्धा नाही, हे मला आज जास्त टोचतं. "पाचच," मी म्हटलं.

रात्री उरलेल्या तुटवड्यापायी पाळीपाळीनं गावं बंद करायचं ठरलं. कुठलं गाव कधी, हे तिथलं यंत्र चिठ्ठी टाकल्यासारखं ठरवतं. दवाखाने वगळतात, आणि घरी ज्यांना मशीन आहे अशा आजाऱ्यांच्या यादीतली घरंही वगळतात. मनोऱ्याला आणि आमच्या वसाहतीला वेगळी लाईन आहे, त्यामुळे कुठं अंधार झाला हे आम्हाला दिसतही नाही.

दहाला पाच मिनिटं कमी असताना नियंत्रण कक्षातला फोन वाजला. चाचा होते.

"बिरू, किती सांगितलंस?"

"पाच, चाचा."

पलीकडे थोडा वेळ काहीच नाही. मग म्हणाले, "बरं. बस नीट."

म्हाताऱ्याला अजून मनोऱ्याची काळजी, असं मनात म्हणत मी फोन ठेवला. दहा वाजता पुढच्या पाळीचा माणूस आला. मी त्याला वही दिली आणि मूठ वळून दाखवली. त्यानं मान हलवली. घरी गेलो तर सारिका नव्हती. माझी बायको गावच्या उपकेंद्रात आरोग्यसेविका आहे, तिला अवेळी बोलावणं काही नवं नाही. तिनं झाकून ठेवलेलं मी जेवलो आणि गाढ झोपलो.

ती सकाळी सातला आली. चप्पल न काढता खुर्चीत बसली.

"जैबून चाची गेल्या," ती म्हणाली. "साडेनऊला गावातली लाईट गेली. मशीनची बॅटरी वीस मिनिटंच चालली. दहाला मला फोन आला. उपकेंद्रातला सिलिंडर परवाच त्या गुरवांच्या म्हातारीला दिलेला. ॲम्ब्युलन्स तालुक्याहून निघाली, तोवर मी हातानं श्वास द्यायचा फुगा दाबत बसले. अकराला दहा कमी असताना गेल्या."

मी तिच्यापुढे पाण्याचा तांब्या ठेवला.

"अकराला लाईट आली. मशीन आपलं आपण सुरू झालं, भस भस करत. चाचांना ते बंद करायचं सुचंना आणि मलाही सुचंना. बराच वेळ ते तसंच चालू होतं." मग तिनं वर बघितलं. "अहो, तुमच्याकडे काहीच उरलं नव्हतं का?"

खिडकीतून लख्ख ऊन येत होतं. चार दिवसांचं आभाळ रात्रीत फाटलं होतं. बाहेर साडेनऊ हजार आरसे मनोऱ्याकडे माना वळवत होते आणि कणगी पुन्हा भरायला लागली होती. तळाशी कालची मूठ तशीच पडून होती.

"काही नव्हतं," मी म्हटलं.

दुपारी मातीला गेलो. जनाज्याला खांदा दिला. खांद्यावर वजन असं नव्हतंच, चाची शेवटी शेवटी पाखराएवढ्या झाल्या होत्या. माणसं चाचांना मिठी मारून समजावत होती. ते ज्याला त्याला सांगत होते, "तिची येळ आली हुती." माझी पाळी आली तेव्हा त्यांनी मला नुसतं धरून ठेवलं. मला वाटलं, माझ्या छातीतली धडधड त्यांना कळेल. ज्या माणसाला भिंतीपलीकडच्या कणांचा आवाज कळतो त्याला एवढं कळणार नाही का?

त्यानंतरचे दिवस मी चोरासारखे काढले. पाच वाजले की आकडा खरा सांगायचो, पण आता खरं सांगून कुणाचा श्वास परत येणार होता? जेवायला बसलो की चाचींच्या हातचं भरीत आठवायचं आणि मी ताट सरकवायचो. तरी मी स्वतःला समजवायला कमी केलं नाही. एकट्या माझ्या तासानं काय झालं असतं? तुटवडा सहा लाख युनिटांचा होता, माझी मूठ एक लाखाची. ती सोडली असती तरी चिठ्ठी टेंभूरमाळाचीच निघाली नसती कशावरून? अशी वकिली मी रोज करायचो, आणि रोज खटला हरायचो.

वीज नसल्यानं त्या रात्री राज्यात झालेला हा एकच मृत्यू. त्यामुळे चौकशी समिती बसली. महिन्याभरात अहवालाचा कच्चा मसुदा आला. सारिकानं तो माझ्यापुढे टाकला. 'मृत्यूचं कारण: विजेचा तुटवडा. जबाबदारी: घरगुती ऑक्सिजन यंत्राची नोंद आजाऱ्यांच्या यादीत न करणारी आरोग्यसेविका.' खाली तिचं नाव. सुनावणी पुढच्या सोमवारी आमच्याच मनोऱ्यावर, अकराही ऑपरेटरांसमोर. त्यानंतर तिची नोकरी जाणार हे शेंबड्या पोरालाही कळलं असतं.

"तू नोंद का केली नाहीस?" मी विचारलं. विचारायला जीभ कशी उचलली माझी, कोण जाणे.

"दोनदा फॉर्म घेऊन गेले होते. चाचांनी परत पाठवलं. म्हणाले, माझ्या घराचं नाव वाटप केंद्रात गेलं तर लोक म्हणतील म्हाताऱ्यानं घरापुरती सोय करून घेतली."

"मग हे सांग ना समितीला!"

"बायको गमावलेल्या माणसावर ढकलू? ते मला जमणार नाही," ती म्हणाली. "मीच जोर करायला हवा होता. माझी चूक मी भरीन."

तिची चूक! इतके दिवस कोंडून ठेवलेलं सगळं त्या एका वाक्यानं बाहेर काढलं. सहा तास, पाच तास, मूठ, अकरा वर्षं, सगळं सांगितलं. मी रडलो, ती रडली नाही.

"त्या सकाळी मी तुम्हाला विचारलं होतं," ती म्हणाली. "फुगा दाबून दाबून माझी बोटं वळत नव्हती. तेव्हा विचारलं होतं. तुम्ही माझ्या तोंडावर नाही म्हणालात."

"सारिका..."

"माझी नोकरी गेली तर गेली. हे मात्र मी विसरेन असं धरून चालू नका." ती उठली आणि आतल्या दारापाशी थांबली. "सोमवारी सांगायचं तर सांगा. पण आधी चाचांकडे जा. चारचौघांत त्यांच्या कानावर पडू देऊ नका. एवढं तरी करा."

तीन दिवस मला गावाच्या दिशेनं पाऊल टाकता आलं नाही. खरं सांगायचं म्हणजे त्यांना काय सांगायचं? तुमच्या बायकोचा जीव तुमच्याच शिकवणीनं घेतला? 'तिची वेळ आली होती' एवढ्या समजुतीवर तो माणूस कसाबसा उभा होता, आणि मी त्याच्या पायाखालची तेवढी फळी काढायला निघालो होतो. गप्प बसलो तर सारिका जाणार होती. इकडे आड, तिकडे विहीर, आणि दोन्हीही मीच खणलेले.

रविवारी दुपारी गेलो. चाचा ओट्यावर बसून चाचींच्या गोळ्यांची पाकिटं निवडत होते. न फोडलेल्या एकीकडे, फोडलेल्या दुसरीकडे. उपकेंद्रात कुणाला तरी कामाला येतील म्हणून.

मी उभ्यानंच सांगितलं. "चाचा, त्या दिवशी सहा होते."

त्यांनी हातातलं पाकीट उन्हात धरून तारीख वाचली आणि योग्य ढिगात ठेवलं.

"ठावं हाय," ते म्हणाले.

मला वाटलं, त्यांना नीट ऐकू आलं नाही. मी पुन्हा सांगायला लागलो.

"आरं, ठावं हाय म्हंतो न्हवं! फोनवर म्या काय इचारलं तुला? किती हायत असं इचारलं? किती सांगितलंस, असं इचारलं. पाच म्हणालास. म्हंजी सहा हायत. माझं शिकवणं मला वळखू येईना व्हय?"

"मग बोलला का नाहीत?" माझा आवाज चढला. "एक शब्द, चाचा! मूठ सोड म्हणाला असता तर मी सोडली असती. उभ्या उभ्या सोडली असती."

"त्येच तर." त्यांनी पाकिटं खाली ठेवली. "शबुद व्हटापातूर आला हुता. ही समूर बसलीया, त्वांड उघडं. तिनं हात वर क्येला. नगं म्हणाली का माग म्हणाली, ते मला आजून कळंना. म्हटलं, अकरा मनोऱ्यावरच्या पोरांला म्या सांगितलं की मुठीचं नाव काढायचं न्हाय. आन आता घरापुरती मागायची? शरम वाटली. म्हटलं, यील लाईट अर्ध्या तासात."

मी ओट्याच्या कडेला टेकलो. बाहेर कुणाची तरी शेळी ओरडत होती.

"माफी मागाय आलास न्हवं?"

"व्हय, चाचा."

"मागू नगंस. तुला दिऊन मी मोकळा हुईन, पर मला कोण दील? ती तर गेली." मग म्हणाले, "उंद्या सांगणार हाईस सभेत?"

"सांगणार. तुमचं नाव घेणार नाही."

त्यांनी पाकिटं पुन्हा निवडायला घेतली. त्या घरातून चहा न घेता मी पहिल्यांदाच बाहेर पडलो. तो त्यांनी विचारला नाही आणि त्यांचं बरोबरच होतं.

सोमवारी अकरा वाजता प्रशिक्षणाच्या खोलीत सभा भरली. समितीच्या प्रमुख अणावकर बाई, दोन अधिकारी, अकरा मनोऱ्यांचे ऑपरेटर, आणि कोपऱ्यात सारिका. ती माझ्या शेजारी बसली नव्हती. बाईंनी मसुदा वाचला आणि कुणाला काही म्हणायचं आहे का, असं विचारलं.

मी उठलो. "सोळा तारखेला माझ्या कणगीत सहा तास होते. मी पाच सांगितले. एक लाख युनिट मी मुद्दाम मागे ठेवले. आरोग्यसेविकेचा यात दोष नाही."

"मुद्दाम का?" बाईंनी विचारलं.

"सवय म्हणून. अडीअडचणीला असावं म्हणून."

"याहून मोठी अडचण कोणती यायची होती?"

मी तसाच उभा राहिलो. बाकीचे दहाजण टेबलाकडे बघत होते. ही माणसं मला वर्षानुवर्षं माहीत आहेत. त्यांतला एकही चोर नाही.

मग भीमाकाठच्या मनोऱ्यावरची दीपाली हत्तरगे उठली. "आमच्याकडे ऐंशी हजार होते," ती म्हणाली आणि खाली बसली.

तिच्यामागून आणखी एक. नव्वद हजार. मग एक लाख दहा. प्रत्येकजण उठून आकडा सांगायचा आणि बसायचा. आपल्यासारखे दुसरेही ठेवतात हे आम्हा सगळ्यांना ठाऊक होतं. एकाच गुरूचे चेले ना! पण कुणी कधी बेरीज केली नव्हती. प्रत्येकाला वाटायचं, आपली मूठ ती केवढीशी. अणावकर बाई लिहीत गेल्या. शेवटचा माणूस बसल्यावर त्यांनी बेरीज केली, मग वरून खाली पुन्हा केली.

"नऊ लाख चाळीस हजार," त्या म्हणाल्या. "त्या रात्रीचा तुटवडा सहा लाख होता."

म्हणजे राज्यातलं एकही गाव बंद करायची गरज नव्हती. सारिकानं तोंडाला पदर लावला.

"ही पद्धत सुरू कुणी केली?" बाईंनी विचारलं.

सगळ्यांच्या नजरा पुन्हा टेबलावर गेल्या. मी तर शब्दच दिला होता.

"म्या," दारातून आवाज आला. चाचा कधी येऊन उभे राहिले होते कुणालाच कळलं नव्हतं. धुवट पायजमा, डोक्यावर टोपी. ते सरळ पुढे आले. "दस्तगीर मुलाणी. ह्या समद्यांला म्याच शिकवलं. आन ही सारिका दोनदा फारम घिऊन आली हुती, तिला म्या माघारी लावली. तो कागुद दावा मला."

बाईंनी मसुदा त्यांच्यापुढे केला. त्यांनी चष्मा लावून सावकाश वाचला. मग बाईंच्या हातातलं पेन मागून घेतलं आणि सारिकाच्या नावावर रेघ मारली. 'विजेचा तुटवडा' यावरही मारली.

"मुलाणीसाहेब," बाई हळू आवाजात म्हणाल्या, "कारणाच्या रकान्यात काहीतरी लिहावं लागतं."

"लिवतो की."

ते वाकून लिहायला लागले. चाचांचं अक्षर मोठं आणि गोल, वर्षानुवर्षं पाळीच्या वहीत बघितलेलं. लिहून झाल्यावर त्यांनी खाली सही केली, तारीख घातली आणि माझ्याकडे न बघता कागद माझ्यापुढे सरकवला. रकान्यात लिहिलं होतं: 'वीज होती. आम्ही दिली नाही.'

त्यांच्या सहीखाली जागा होती. तिथं मी माझी केली.